शाळेतून बोलतेय

रणदिवे मॅडमना एखादा माणूस ओळखायचा असला की त्या त्याचं अर्धं तोंड झाकतात.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पुण्याहून दुबईला आलो, ऊद मेथात भाड्यानं घर घेतलं, आणि पहिल्याच आठवड्यात मी हा प्रकार बिल्डिंगखालच्या सुपरमार्केटात पाहिला. बिलाच्या रांगेत माझ्यापुढे पंजाबी ड्रेस घातलेल्या, साठीकडे झुकलेल्या एक बाई होत्या. हातात स्लाइस ब्रेडचा पुडा. त्यांच्यापुढे पस्तिशीचा एक गृहस्थ. दाढी, टाय, ट्रॉलीत डायपरचे दोन गठ्ठे. बाई त्याच्याकडे टक लावून पाहत होत्या. मग त्या पुढे झाल्या आणि काही न बोलता त्यांनी ब्रेडचा पुडा त्याच्या नाकासमोर आडवा धरला. वर नुसते त्याचे डोळे आणि कपाळ उरलं.

"सिक्स्थ बी," बाई म्हणाल्या. "डायरी रोज बस में भूलता था."

ब्रेडच्या मागून बारीक आवाज आला, "येस मॅम."

अनोळखी माणसाच्या तोंडापुढे ब्रेड धरणं हा या देशात गुन्हा आहे की नाही, हे मला माहीत नव्हतं. मी आपला दोन पावलं मागे सरकलो. पण तो गृहस्थ चिडला नाही. त्यानं घाईघाईनं बाहेर आलेला शर्ट पँटमध्ये खोचला आणि तो ताठ उभा राहिला. बिल झाल्यावर जाताना "थँक यू मॅम" म्हणून गेला. कशाबद्दल, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

या रणदिवे मॅडम. आमच्याच मजल्यावर, समोरच्या दारात राहतात. जवळच्या एका भारतीय शाळेच्या ऑफिसात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली. शिक्षिका म्हणून नव्हे, क्लार्क म्हणून. ऑफिसला एक खिडकी आहे आणि त्या खिडकीचा कट्टा कुणा उंच माणसानं स्वतःच्या मापानं बांधलेला आहे. सातवीपर्यंतच्या मुलांचे त्या कट्ट्यावर फक्त डोळे आणि कपाळ दिसतं. मॅडमनी तीस वर्षं मुलं पाहिली ती एवढीच.

"आणि तेवढं पुरतं," त्या मला म्हणाल्या. "खालचं तोंड काय, बदलत राहतं. दाढी येते, दात पडतात, जिमला जाऊन गाल आत जातात. कपाळाला काय होतंय?"

"टक्कल पडतं," मी म्हणालो.

"मग तर उलट जास्त दिसतं."

शाळेत त्यांचं मुख्य काम टीसी देण्याचं. टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. हे काम आपल्याकडे वर्षातून एकदा जूनमध्ये जोरात चालतं. इथे बारा महिने चालतं. इथे कुणीच कायमचा नसतो. बापाची नोकरी सुटली, कंपनी बंद पडली, कॅनडाचा व्हिसा आला, की पोर मधल्याच कुठल्यातरी मंगळवारी वडिलांचा हात धरून त्या खिडकीपाशी येतं. मग मॅडमनी दाखला लिहायचा, शिक्का मारायचा आणि रजिस्टरमध्ये त्या नावावर लाल रेघ ओढून पोराला पटावरून कमी करायचं. मुलांनी त्यांचं नाव टीसी ठेवलं होतं. मॅडमना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

"रेघ मारायचा रूल आहे, म्हणून मारते," त्या सांगायच्या. "पटावरून कमी केलं. पण मग मी ते पोर डब्यात घेते."

हे डबे खजुराचे. किलोकिलोचे, पत्र्याचे, वर उंटाचं चित्र. रणदिवेंच्या बैठकीच्या खोलीत सोफ्याच्या मागे त्यांची भिंत उभी आहे. प्रत्येक डब्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर मार्करनं देशाचं नाव. टीसी घ्यायला आलेल्या प्रत्येक पालकाकडून मॅडम नवा पत्ता आणि फोन नंबर मागून घ्यायच्या आणि घरी येऊन एका कार्डावर उतरवायच्या. कार्ड त्या त्या देशाच्या डब्यात. पोरगं इंडियातून शिकायला ऑस्ट्रेलियाला गेलं की कार्ड या डब्यातून त्या डब्यात. लग्न झालं की कार्डाचा वरचा उजवा कोपरा दुमडायचा. मूल झालं की खालचा. घटस्फोट झाला तर दुमडलेला कोपरा सरळ करून त्यावर इस्त्री फिरवायची.

"महाजन, कॅनडा भरला हो," असं त्या दारात येऊन म्हणाल्या की मी समजायचो. नवा डबा हवा. म्हणजे आधी तो आम्ही रिकामा करायचा. त्या तीन वर्षांत आमच्या घरात खजुराचे लाडू, खजुराची चटणी, खजुराच्या पोळ्या आणि एकदा खजुराची उसळ झाली. त्या दिवशी माझी बायको म्हणाली, "कॅनडावाल्यांना सांगा, आता पुरे."

माझी मुलगी इरा त्याच शाळेत दहावीत. मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर देणारी. तिनं डबे पाहिले आणि म्हणाली, "बाबा, धिस इज अ डेटाबेस. अँड इट स्मेल्स ऑफ डेट्स." मी म्हणालो, मॅडमसमोर बोलू नकोस. तिनं पाचच मिनिटांत मॅडमना सांगितलं. मॅडम खूश झाल्या.

आता या कार्डांचं करायचं काय, तर फोन. रोज संध्याकाळी शाळेतून आल्यावर चहा घ्यायचा, चष्मा पुसायचा आणि त्या दिवशी ज्यांचे वाढदिवस असतील त्यांना फोन लावायचे. फोनवर मॅडमचा आवाज बदलतो. एरवी त्या बोलतात ते आपल्या घरातल्या मावशीसारखं, शेवटचा शब्द गिळत. फोन कानाला लागला की विमानतळावर ऐकू येतो तसा खणखणीत, एकेक अक्षर सुटं करून बोलणारा आवाज येतो. "हॅलो. स्कूल से बोल रही हूं." मग एक श्वास. मग, "घबराने का नहीं."

हे दुसरं वाक्य अनुभवातून आलेलं. शाळेतून फोन आला की माणूस घाबरतो, मग तो नऊ वर्षांचा असो की एकोणचाळीस. सिंगापूरचा एक बँकवाला त्यांचा आवाज ऐकताच म्हणाला होता, "मॅम, मैंने नहीं किया." काय केलं नाही, ते त्यानं आजतागायत सांगितलेलं नाही. कोचीचा एक डॉक्टर पेशंट तपासता तपासता उठून उभा राहिला, तेव्हा पेशंटही उभा राहिला. मराठी मुलं असली की मॅडम मराठीत बोलायच्या, "शाळेतून बोलतेय, घाबरू नकोस." प्रश्न ठरलेले. पत्ता तोच का? तब्येत बरी? घरी सगळे कसे? मग शाळेतर्फे शुभेच्छा, आणि फोन बंद. दोन मिनिटांच्या वर नाही.

नाव मात्र त्या कधी सांगायच्या नाहीत. मी विचारलं तर म्हणाल्या, "माझ्या नावाशी त्यांना काय करायचंय? प्यूननं फोन केला काय नि प्रिन्सिपलनं केला काय, शाळेतून आला म्हणजे शाळेचा."

प्रत्यक्षात शाळेला याचा पत्ताच नव्हता. फोन मॅडमचा, बिल मॅडमचं, आणि खजूर आमचे.

एका शुक्रवारी दुपारी, शाळा लवकर सुटते तेव्हा, मॅडम आमच्याकडे आल्या आणि खुर्चीच्या कडेवर बसल्या.

"महाजन, मार्चअखेर मी खलास."

"अहो, काहीतरीच काय बोलता?"

"खलास म्हणजे रिटायर. साठ झाली. पत्र आलं." त्यांनी पर्समधून पत्र काढलं, पुन्हा आत ठेवलं. "देश सोडायचा नाहीये. ह्यांची नोकरी आहे अजून दोन वर्षं." हे म्हणजे रणदिवे काका. उम्म अल कुवैनला प्लास्टिक पाइपच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात, तिकडेच राहतात. शनिवारी रात्री येतात आणि रविवारी संध्याकाळी परत जातात. "ते ठीक आहे. पण मला सांगा, एक एप्रिलपासून मी फोनवर म्हणू काय?"

"म्हणजे?" मी विचारलं.

"स्कूल से बोल रही हूं, हे कसं म्हणणार? मी शाळेत नसणार. खोटं बोलू?"

"मग नाव सांगा. मी रणदिवे मॅडम."

"रणदिवे कोण, हे त्या मुलांना कुठे ठाऊक आहे? त्यांना शाळा ठाऊक आहे. खिडकीतल्या बाईला कोण लक्षात ठेवतं? टीचरला ठेवतात. मी त्यांना शिकवलं काय, तर काही नाही. नावावर रेघ मारली." त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटलं नाही. फॉर्ममधली चूक दाखवावी तसं म्हटलं. "म्हणून मी ठरवलंय. सगळ्यांना एकदा बोलवायचं. आणि त्यांच्यासमोर हे डबे शाळेच्या ताब्यात द्यायचे. ऑफिशियली. म्हणजे माझ्यानंतर ऑफिसातलं कुणीतरी फोन करील, आणि ते खरं असेल."

नवे प्रिन्सिपल सर दोनच वर्षांपूर्वी आलेले. मॅडम त्यांच्याकडे गेल्या. डब्यांबद्दल एक अक्षर न बोलता त्यांनी मेळाव्यासाठी हॉल मागितला. सर म्हणाले, शंभर जण तरी आले तर देतो, नाहीतर एवढ्या मोठ्या हॉलचा एसी कशाला लावायचा? फेब्रुवारीतला दुसरा शनिवार ठरला. हातात सात आठवडे होते.

ते सात आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. मी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका पॅकेजिंग फॅक्टरीत परचेस बघतो. पुण्यातल्या माझ्या स्वतःच्या शाळेच्या मेळाव्याला मी आजवर गेलेलो नाही, कारण गेलं की वर्गणी मागतात. पण इथे मी, जो त्या शाळेत एक तास बसलेला नाही, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मस्कतच्या माणसाला फोन करून सांगत होतो, "या हो, आपली शाळा आहे."

मॅडमनी मला आखाती देशांचे डबे दिले होते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि इंडिया त्यांनी स्वतःकडे ठेवले. इरानं ग्रुप करू म्हटलं, तर मॅडमनी नाक मुरडलं. "ग्रुपात सगळे असतात, म्हणून त्यात कुणीच नसतं. एकेकाला फोन." तरी इरानं ग्रुप केलाच. मॅडमनी तो कधी उघडला नाही.

येणार म्हणून कळवलं की त्या माणसाच्या नावानं मॅडम आपल्या फ्रीजवर एक टिकली लावायच्या. पहिल्या आठवड्यात सहा टिकल्या. दुसऱ्यात अकरा. मी मनात म्हटलं, हॉल गेला. तिसऱ्या आठवड्यात काय झालं कुणास ठाऊक, फोन उलटे यायला लागले. मॅडमच्या फोनवर नव्हे, तो शाळेचा नंबर म्हणून सगळ्यांकडे सेव्ह होता आणि शाळेला उलटा फोन कोण करतं? माझ्या फोनवर, कारण इरानं ग्रुपवर माझाच नंबर टाकला होता. मी परचेसच्या मीटिंगमध्ये आणि इकडे नैरोबीहून कुणीतरी विचारतोय, कॅन्टीनवाले अंकल आहेत का? मी मीटिंगमध्येच म्हणालो, "आहेत, आहेत, यल्ला, चल, तिकीट काढ." आमचा लेबनीज मॅनेजर माझ्याकडे पाहत राहिला. त्याला सगळं सांगितल्यावर तो म्हणाला, "हबीबी, मला का नाही बोलावलं?"

फ्रीजवर पन्नास झाल्या. सत्तर झाल्या. दार भरलं तेव्हा मॅडम बाजूला वळल्या. रोज ऑफिसातून आल्यावर मी बूट काढायच्या आधी समोरच्या दारात जाऊन टिकल्या मोजायचो. बायको म्हणायची, स्वतःच्या लग्नाच्या वेळी एवढी धावपळ केली नव्हतीत. खरंच होतं ते. कोल्लमच्या जोजीनं चौदाशे दिरहमचं, म्हणजे बत्तीस हजारांचं तिकीट काढलं हे कळल्यावर मी आणि मॅडम दोघांनी एकमेकांना टाळी दिली. हॅलिफॅक्सला नर्स असलेली स्नेहल पाटणकर, मूळची सांगलीची, हिला मात्र रजा मिळाली नाही. ती फोनवर रडली. मॅडम खणखणीत आवाजात म्हणाल्या, "शाळेतून सांगतेय, रडायचं नाही." आणि फोन ठेवून बराच वेळ स्वतःच चष्मा पुसत बसल्या.

शंभरावी टिकली लावायचा मान इराला मिळाला. तिनं फोटो काढला.

बॅनर मात्र बदलावा लागला. छापणाऱ्यानं 'एक्स-स्टुडंट्स मीट' असं लिहून आणलं होतं. मॅडमनी तो जमिनीवर पसरला आणि कमरेवर हात ठेवले. "एक्स कसले? एक्स नवरा असतो, सोडलेला. यांना मी सोडलंय का?" मग मी पांढरा कागद चिकटवून 'एक्स' झाकला. मेळावा नुसताच 'स्टुडंट्स मीट' झाला. केस पिकलेल्या माणसांचा.

तो शनिवार उजाडला. चार वाजता यायचं ठरलं होतं, लोक तीनलाच गेटवर. मॅडम मोरपंखी साडी नेसून दारात उभ्या, हातात पुठ्ठ्याची फाइल. येणाऱ्या प्रत्येकाच्या नाकासमोर फाइल आडवी धरायची आणि इयत्ता-तुकडी सांगायची. लोकांनी रांगच लावली. चांगले वजनदार बाप्ये, सिल्कच्या साड्यांतल्या बायका, सगळे अर्धं तोंड झाकून घ्यायला शांतपणे उभे. "एट्थ ए. मराठी के पीरियड में मलयालम बोलता था." "फोर्थ सी. तुझी वॉटर बॅग अजून ऑफिसात आहे." फक्त एकाला त्या ओळखू शकल्या नाहीत. फाइल वर केली, खाली केली, चष्मा बदलला. शेवटी तो शेजारच्या बाईकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅम, मैं इसका हसबंड हूं."

दीडशेच्या वर माणसं आली. एसी लावावाच लागला. समोसे संपले, परत मागवले. दोन दिरहमला एक, म्हणजे सेहेचाळीस रुपये, आणि आतला बटाटा शोधावा लागत होता, पण त्या दिवशी कुणी काही म्हटलं नाही. माणसं जुन्या वर्गांत जाऊन बाकांवर बसून पाहत होती, मावत नव्हती, तरी बसत होती. मी या शाळेचा नाही हे मी एव्हाना पार विसरलो होतो आणि एका अनोळखी माणसाच्या गळ्यात पडून झालो होतो. खजुराचे डबे मी स्टेजच्या पायऱ्यांपाशी रचून ठेवले होते. भाषणं झाली की ताब्यात द्यायचे.

प्रिन्सिपल सर छान बोलले. मग जोजी माइकपाशी आला. दणकट गडी, कोल्लमला मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्यानं हिंदीत सुरुवात केली. नववीत असताना त्याच्या वडिलांची नोकरी गेली आणि आठ दिवसांत त्यांना दुबई सोडावी लागली. मित्रांना सांगायलाही वेळ मिळाला नाही. तिकडच्या शाळेत कुणी ओळखीचं नाही, घरात कुणी बोलत नाही. "फिर बर्थडे के दिन फोन आया. स्कूल से. मैं सोचा, अरे, इतना बड़ा स्कूल, मेरे को याद रखा." त्यानं माइक दुसऱ्या हातात घेतला. "उसके बाद हर साल आया. फादर मरा, तब भी आया. सर, थँक यू. ऐसा स्कूल किधर भी नहीं."

टाळ्या पडल्या. मागून एकानं ओरडून सांगितलं, मला पण येतो. मग दुसरी, मग तिसरा. हात वर व्हायला लागले. प्रिन्सिपल सर हसत होते, पण त्यांचे डोळे हसत नव्हते. ते शेजारच्या सुपरवायझरबाईंना हळूच काहीतरी विचारत होते आणि बाई मान हलवत होत्या. माइक चालूच राहिला होता. त्यामुळे सगळ्या हॉलनं ऐकलं, "बट हू इज मेकिंग दीज कॉल्स?"

मी मॅडमना शोधलं. त्या समोशांच्या टेबलामागे होत्या. माझी बाही धरून म्हणाल्या, "एक शब्द बोलायचा नाही, महाजन. सांगून ठेवते."

"अहो, पण आता..."

"नाही म्हणजे नाही."

मी गप्प बसलो. मला ते जमत नाही, पण बसलो. आणि तेवढ्यात वॉचमन आत आला. कुणीतरी आपली पांढरी गाडी बसच्या गेटसमोर आडवी लावली होती आणि चहावाल्याची व्हॅन अडकली होती. तो सवयीनं सरळ मॅडमकडे आला. तीस वर्षं या शाळेतल्या चुकलेल्या डब्यांच्या, हरवलेल्या चष्म्यांच्या आणि आडव्या गाड्यांच्या अनाउन्समेंट मॅडमच करत आल्या होत्या. त्यांनीही विचार केला नाही. नंबर लिहिलेली चिठ्ठी घेतली, स्टेजच्या कडेला गेल्या, आणि माइक तोंडाशी धरला.

"हॅलो. सफेद गाड़ी, बस गेट के सामने." एक श्वास. "घबराने का नहीं. सिर्फ हटाने का है."

हॉल गप्प झाला. एसीचा आवाज ऐकू यावा इतका गप्प. मॅडमना वाटलं आवाज पोचला नाही. त्या पुन्हा, एकेक अक्षर सुटं करून म्हणाल्या, "हॅलो. सफेद गाड़ी."

जोजी उठून उभा राहिला. "यही है," तो म्हणाला. "यही स्कूल है."

मग खुर्च्या सरकल्याचा एकच आवाज झाला आणि सगळे उभे राहिले. दीडशे माणसं. कुणी टाळ्या वाजवत नव्हतं. शाळेत प्रार्थनेला उभे राहतात तसे हात खाली सोडून उभे. पांढऱ्या गाडीचा मालकही त्यांच्यातच उभा, गाडी तशीच.

पुढचं सगळं गर्दीत झालं. मॅडमना कुणी खुर्ची दिली, कुणी शाल आणली, कुणी फोटोसाठी ओढलं. प्रिन्सिपल सर भले माणूस, त्यांनी खाली उतरून हात जोडले आणि आपण यासाठी अॅप बनवून घेऊ असं सांगितलं. डब्यांची गरज लागणार नाही म्हणाले. म्हणून ते डबे मी परत माझ्या गाडीच्या डिकीत भरले. बायको आणि इरा खुर्च्या आवरायला मागे थांबल्या आणि मॅडम माझ्याबरोबर निघाल्या.

शाळा ते घर चालत सात मिनिटं. गाडीनं वळसा घालून पंधरा. मी तोंड भरून बोलत होतो. काय हॉल भरला, काय उभे राहिले सगळे. पहिल्या सिग्नलला माझ्या लक्षात आलं की मॅडम काही बोलत नाहीयेत.

"वाईट झालं हो, महाजन," त्या म्हणाल्या.

"वाईट?"

"त्या जोजीला इतकी वर्षं वाटत होतं, एवढ्या मोठ्या शाळेनं आपल्याला लक्षात ठेवलं. आज त्याला कळलं, शाळेनं नव्हतं ठेवलं. ऑफिसातल्या एका क्लार्कनं ठेवलं होतं." त्या खिडकीबाहेर पाहत राहिल्या. "त्याचं केवढं कमी झालं. माझ्या एका गाडीच्या नंबरापायी."

मला म्हणायचं होतं, अहो, कमी नाही झालं. आणि तेवढ्यात त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला.

मॅडम फोनकडे बघत राहिल्या. इरानं व्हिडिओ ग्रुपवर टाकला असणार, हे माझ्या ध्यानात आलं. "हॅलिफॅक्स," त्या नंबर बघून म्हणाल्या. नंबर त्यांना पाठ होते. "स्नेहल. ही कशी काय करतेय? ह्या फोनवर मुलं कधी करत नाहीत." फोन वाजतच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. साठ वर्षांची बाई, पण पहिल्यांदाच फोन हातात घेतल्यासारखी. "उचलल्यावर काय म्हणू? शाळेतून, असं तर आता म्हणता येत नाही."

"नाव सांगा," मी म्हणालो.

त्यांनी घसा साफ केला. बटण दाबलं. "हॅलो," त्या म्हणाल्या, आणि तो खणखणीत आवाज आला नाही. घरातला आला, शेवटचा शब्द गिळणारा. "मी... कुमुद बोलतेय. कुमुद रणदिवे."

तीन वर्षं समोर राहून मला हे नाव माहीत नव्हतं. दारावरच्या पाटीवर नुसतं रणदिवे आहे.

आम्ही घराखाली पोचलो. मी इंजिन बंद केलं, पण मॅडम उतरल्या नाहीत. आज तिकडून प्रश्न येत होते आणि त्या उत्तरं देत होत्या. बावरून, एकेक. "हो, तब्येत बरी आहे. गुडघा दुखतो जरासा." "पत्ता? ऊद मेथा. लिहून घेतेस? थांब, सांगते." "नाही गं, हे उम्म अल कुवैनला असतात." मग, "नाही, मूलबाळ नाही." पुढे तिकडून काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही.

"वाटतं ना गं," त्या म्हणाल्या. "हे आले की नाही वाटत. एरवी एकटं वाटतं. संध्याकाळी जास्त."

मी स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होतो. रोज संध्याकाळी मी त्यांच्या दारात जाऊन टिकल्या मोजून येत होतो. हे मी कधी विचारलं नव्हतं.